लिव्हरचं दुखणं कातडीवर उमटतं

बुधवार म्हणजे आमच्याकडचा आठवडी बाजार. त्या दिवशी सलूनच्या बाकड्यावर बसायला जागा मिळत नाही. ज्वारीचा भाव, उसाचं थकलेलं बिल, कुणाची सोयरीक जमली, कुणाची मोडली, सगळ्या बातम्या तिथंच कळतात. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका बुधवारी, ऐन वैशाखात, मी नंबर लावून बसलो होतो. खुर्चीत होते तात्या. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस. पाच एकर जिरायत, दीड एकर बागायत, दोन म्हशी आणि संध्याकाळची एक क्वार्टर. आधी एक होती, मग दीड, मग दोन.

सलूनवाल्या दादांनी गालाला साबण लावता लावता विचारलं,

"तात्या, पूर्वी तिसऱ्या दिवशी दाढी लागायची तुम्हाला. आता आठ दिवस झालं तरी वस्तऱ्याला काय गावंना. आन् मानंवर ह्ये लाल लाल कशाचं उठलंय?"

"उष्णता हाय रं. उन्हातलं काम. सब्जा घेतोय की रोज."

विषय तिथंच संपला. बाकड्यावरच्या आम्हा सगळ्यांनाही ते पटलं. आपल्याकडं अंगावर काहीही उठलं की ती 'उष्णता' असते.

आषाढात तात्यांचे पाय सुजले. दिवाळीला विजारीची नाडी पुरेना. लोक म्हणाले, तात्या सुटलेत. संक्रांतीच्या आसपास एका रात्री रक्ताची उलटी झाली आणि जीप करून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी शर्टाची बटणं सोडून पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर ती मानेवरची आणि छातीवरची लाल जाळी. "ही कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. घरच्यांना सांगता येईना. तात्या त्या दुखण्यातून उठले, पण पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

परवा दादा म्हणाले, "मला दिसत हुतं वो. पर वाचता येत नव्हतं."

हा लेख त्या एका वाक्यासाठी. खुणा दिसतात सगळ्यांना. रोज कपडे धुणाऱ्या बायकोला, पाठ चोळणाऱ्या आईला, दाढी करणाऱ्या कारागिराला. वाचता आल्या तर माणूस वेळेवर दवाखान्यात जाईल.

आतलं दुखणं बाहेर का येतं?

यकृत, म्हणजे लिव्हर, उजव्या बरगड्यांच्या आड असतं. मोठ्या माणसाचं लिव्हर दीड किलोच्या आसपास भरतं. त्याचं वैशिष्ट्य असं, की ते सहसा दुखत नाही. दात दुखला तर माणूस मध्यरात्री उठतो. लिव्हर वर्षानुवर्षं खराब होत राहतं आणि माणूस नांगर धरतो, ऊस तोडतो, बाजार करतो.

पण लिव्हरच्या अंगावर कामं फार. रक्त गोठायला लागणारे घटक तेच बनवतं. रक्तातलं पाणी नसांमध्ये धरून ठेवणारं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तेच बनवतं. जुन्या रक्तपेशींतून निघणारा पिवळा रंग तेच पित्तातून बाहेर टाकतं. पुरुषाच्या अंगातही थोडं स्त्री-संप्रेरक असतं, त्याची विल्हेवाटही तेच लावतं. यातलं एकेक काम अडलं, की त्याची खूण अंगावर उमटते. पिवळा रंग साचला की डोळे पिवळे. स्त्री-संप्रेरकाचा तोल बिघडला की दाढी विरळ, छातीला स्तनांसारखा उभार आणि कातडीत लाल जाळी. गोठण्याचे घटक कमी पडले की जरा आपटलं तरी काळंनिळं. अल्ब्युमिन कमी झालं की पायाला सूज, पोटात पाणी. ही 'उष्णता' नाही, हा हिशेब आहे.

दारूचा हिशेबही एकदा मांडून पाहू. ४२.८ टक्क्यांची १८० मि.ली. ची एक क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. रोज एवढी दारू घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या लिव्हरवर चरबी चढते. त्यातल्या काहींच्या लिव्हरला सूज येते आणि काहींचं लिव्हर वर्षांमागून वर्षं व्रण धरत आक्रसून दगडासारखं कडक होतं. त्यालाच सिरॉसिस म्हणतात. बायकांना हेच नुकसान कमी दारूत आणि कमी वर्षांत होतं. देशी, विदेशी, बिअर, हातभट्टी असा भेद लिव्हर करत नाही. आत गेलेला मद्यार्क किती, एवढंच ते मोजतं.

खुणा कशा वाचायच्या?

वरून खाली येऊ.

डोळे. रक्तातलं बिलिरुबिन साधारण १ मि.ग्रॅ.च्या आसपास किंवा त्याच्या आत असतं. अडीच-तीनच्या पुढं गेलं की डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. पण तो बल्बच्या उजेडात दिसत नाही. माणसाला दारात, दिवसाच्या उजेडात उभं करा. उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या बुबुळाच्या बाजूचा पांढरा भाग तसाही मळकट असतो, म्हणून खालची पापणी ओढून आतला झाकलेला भाग बघा आणि जीभ उचलून तिच्या खाली बघा. लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल तर संशय आणखी पक्का.

गाल. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी गालफडं भरल्यासारखी दिसतात. लोक म्हणतात, चेहरा भरला. खरं तर लाळेच्या ग्रंथी सुजलेल्या असतात आणि खाली दंड-मांड्या सुकत चाललेल्या असतात. भरलेले गाल आणि काटकुळे दंड ही जोडी दिसली तर सावध व्हा.

मान, छाती, खांदे. इथं ती लाल खूण येते. मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका आणि त्यातून चहूबाजूंनी कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा. ही बहुधा छातीच्या वरच्या भागात, मानेवर, तोंडावर, हातांवर येते. बेंबीच्या खाली क्वचितच. डास चावला आहे की ही खूण आहे, हे ओळखायची सोपी रीत आहे. स्वच्छ काचेच्या ग्लासच्या तळानं ठिपका दाबा. तो फिका पडेल. ग्लास उचलताच रक्त मधल्या ठिपक्यातून निघून पायांसारख्या रेषांत पसरताना दिसलं, तर ती ही खूण. एक-दोन असल्या तर घाबरू नका. निरोगी माणसात, लहान मुलांत आणि गरोदर बाईतही असतात. पाचाहून जास्त झाल्या, किंवा महिन्या-दोन महिन्यांत नव्या उठू लागल्या, तर रक्त तपासायलाच हवं. काहींच्या छातीवर ठिपक्यांऐवजी नुसते बारीक लाल धागे विस्कटल्यासारखे दिसतात. अमेरिकी डॉलरच्या नोटेच्या कागदात असे रेशमी धागे असतात, म्हणून तिकडचे डॉक्टर त्या कातडीला 'कागदी नोटेची कातडी' म्हणतात.

तळहात. अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा उंचवटा लालभडक, पण मधला खळगा नेहमीच्या रंगाचा, अशी ही खूण असते. शेजारी दुसऱ्या माणसाचा हात ठेवून बघितलं की फरक लगेच कळतो. हीसुद्धा गरोदरपणात, सांधेवातात, थायरॉइड वाढल्यावर येऊ शकते.

नखं. नख जवळजवळ सगळं दुधासारखं पांढरं आणि टोकाला तेवढी गुलाबी-तपकिरी बारीक पट्टी. १९५४ साली रिचर्ड टेरी या डॉक्टरांनी सिरॉसिसचे शंभर रुग्ण तपासले, तेव्हा ८२ जणांची नखं अशी निघाली. म्हणून ती 'टेरीची नखं' म्हणून ओळखली जातात. म्हातारपणात, मधुमेहात, हृदयाच्या दुखण्यातही नखं अशी होतात. दुसरा प्रकार म्हणजे नखावर आडव्या दोन-दोन पांढऱ्या पट्ट्या. त्या रक्तातलं अल्ब्युमिन घटल्याची खूण.

पोट. पाणी भरलेलं पोट नुसत्या चरबीच्या पोटासारखं नसतं. माणूस उताणा झोपला की पाणी दोन्ही कुशींना पसरतं, बेंबी बाहेर येते, कातडी ताणून चकाकते. बेंबीच्या भोवती जाड, वळणावळणाच्या शिरा उठल्या असतील तर लिव्हरमधून जाणारं रक्त अडून दुसरी वाट शोधतंय असं समजा. पाटाचं दार बंद झालं की पाणी जसं आडवाटेनं शेतात घुसतं, तसंच. हीच आडवाट अन्ननलिकेतल्या शिरांमध्येही होते. त्या फुगून फुटल्या, की तात्यांना झाली तशी रक्ताची उलटी होते.

हातपाय. घोट्यावर अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा राहतो का बघा. बैलाचा कासरा घट्ट धरला एवढ्यानं दंडावर काळंनिळं उठतं का, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का, हे विचारा. आणि कुठलंही पुरळ नसताना रात्रभर अंगाला खाज, खाजवून खाजवून पडलेले ओरखडे, हीही कधी कधी लिव्हरची तक्रार असते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. डॉक्टरांच्या पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या, रापलेल्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. म्हणून आपल्याकडं डोळे, जिभेखालचा भाग, तळहात, नखं आणि पोट यांवर जास्त भर द्यायचा. छातीचा शर्टाखाली झाकलेला भाग तोंडापेक्षा उजळ असतो, जाळी तिथं आधी दिसेल.

ज्वारीचा पट्टा आणि गळ्यातला काळा हार

दारूड्याच्या कातडीवरची प्रत्येक खूण लिव्हरची नसते. काही खुणा उपासमारीच्या असतात. दारूनं पोट भरल्यासारखं वाटतं, भाकरी नको होते, आणि जे खाल्लं जातं तेही नीट अंगी लागत नाही. त्यातून जीवनसत्त्वं कमी पडतात.

यातलं आपल्या भागाला जवळचं दुखणं म्हणजे पेलाग्रा. उन्हात उघडा राहणारा भाग, म्हणजे हाताची मागची बाजू, पावलं, गळा, काळवंडतो, खरखरीत होतो, भेगाळतो. गळ्याभोवती तर काळ्या हारासारखा पट्टा उमटतो. सोबत जुलाब, चिडचिड, विसराळूपणा. हे 'नायसिन' या जीवनसत्त्वाच्या अभावानं होतं. मुख्यतः ज्वारी खाऊन राहणाऱ्या दख्खनच्या गरीब शेतमजुरांत हा आजार दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी जोडून दाखवला होता.

म्हणून कुणी भाकरी सोडायला नको. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी असली की हा आजार जवळ येत नाही. आज तो बहुधा जेवण सोडून दारूवर राहणाऱ्यांतच दिसतो. हातापायांची कातडी उन्हानं अशी काळवंडली असेल तर मलमांच्या ट्यूबा बदलत बसू नका. योग्य गोळ्या आणि पोटभर जेवण मिळालं की हे दुखणं आठवड्या-दोन आठवड्यांत उतरू लागतं.

याशिवाय खरूज, नायटा वारंवार होणं, जखम लवकर न भरणं, सोरायसिस चिघळणं हेही पिणाऱ्यांत जास्त. नशेत पडल्याच्या खरचटण्या आणि बिडीनं बोटांवर पडलेले चटके, यांचाही हिशेब घरच्यांनी ठेवावा. माणूस किती पितो हे तो सांगणार नाही, पण गुडघे आणि बोटं सांगतात.

खूण म्हणजे पुरावा नव्हे

इथं दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून गावात नवीनच चावडी भरायची.

शेजारच्या वस्तीवर एक काकू आहेत. माळकरी घर. डोळे पिवळे झाले, पोट वाढलं, पाय सुजले. गावानं निकाल देऊन टाकला, "म्हातारी चोरून घेत असंल." काकूंनी लाजेनं वर्षभर दवाखान्याचं नाव काढलं नाही. शेवटी भाच्यानं नेलं, तर रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. दारूचा थेंब नसताना लिव्हर खराब झालेलं. आता गोळ्या चालू आहेत, तब्येत सावरली आहे. पण गेलेलं वर्ष लिव्हरला परत मिळत नाही. ते कुणी घालवलं? गावाच्या तोंडानं.

सिरॉसिस दारूनं होतो तसा हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी होतो, मधुमेह आणि लठ्ठपणातून वाढलेल्या लिव्हरच्या चरबीनं होतो, काही जन्मजात दोषांनीही होतो. अंगावरच्या खुणा सगळ्यांत सारख्याच. कातडी 'लिव्हर आजारी आहे' एवढं सांगते, 'का' ते सांगत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी साठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

तसंच लाल, सुजलेल्या नाकाचं. नाक लाल म्हणजे बेवडा, ही समजूत खोटी. तो रोझेशिया नावाचा कातडीचा वेगळा आजार आहे आणि दारू न पिणाऱ्यांनाही होतो.

आणि याच्या उलटं तर जास्तच लक्षात ठेवा. खूण नाही म्हणजे लिव्हर ठणठणीत, असं मुळीच नाही. कातडीवर जाळी उमटते तोवर बऱ्याचदा बरंच नुकसान झालेलं असतं. चरबी चढलेल्या लिव्हरची बाहेर काहीच खूण नसते, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर दारू सोडली तर लिव्हर पूर्ववत होतं. म्हणून रोज पिणाऱ्यानं आरशात खुणा शोधत बसण्यापेक्षा वर्षातून एकदा रक्त द्यावं. एस.जी.ओ.टी., एस.जी.पी.टी., बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट आणि पोटाची सोनोग्राफी. एस.जी.ओ.टी.चा आकडा एस.जी.पी.टी.च्या दुपटीहून जास्त आला तर डॉक्टरांना दारूचा संशय येतो. हे दोन्ही आकडे चांगले आले तरी सिरॉसिस असू शकतो, म्हणून कागद घेऊन डॉक्टरकडंच जा, मेडिकलवाल्याकडून वाचून घेऊ नका.

उतारा, डाग आणि चहातली पावडर

डोळे पिवळे झाले की आपल्याकडं पहिली धाव कावीळ उतरवणाऱ्याकडं. हाताला काहीतरी चोळतात, चुन्याच्या निवळीत हात धुतात, पाणी पिवळं होतं आणि कावीळ 'उतरते'. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या पाण्यात हात घातला तर निरोगी माणसाचंही पाणी पिवळं होतं. घरी करून बघा. साध्या विषाणूची कावीळ बहुधा विश्रांतीनं आपोआप जाते आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. पण दारूच्या कावीळीला हे लागू नाही. रोज पिणाऱ्याला अचानक कावीळ, ताप आणि पोटफुगी झाली, तर ती लिव्हरची दारूजन्य सूज असू शकते आणि तिनं महिन्याच्या आत माणूस दगावू शकतो. दंडावर तापल्या सळईचे डाग देण्यात, नाकात रस पिळण्यात ते दिवस घालवू नका.

दुसरा धोका घरातून येतो. "नवऱ्याला न कळता दारू सोडवा" अशा पुड्या बाजारात विकल्या जातात. चहातून, आमटीतून दिल्या जातात. बायकोचा जीव टांगणीला लागलेला असतो, तिला दोष कसा द्यायचा? पण अशा पुडीत डायसल्फिराम असलं आणि वरून माणूस प्याला, तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, प्रसंगी जीव जातो. हे औषध स्वतःही लिव्हरला इजा करू शकतं. ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाच्या संमतीनं द्यायचं असतं.

तिसरा धोका चांगल्या हेतूचा. "आजपासून बंद!" म्हणून शपथ घ्यायची, दार लावून घ्यायचं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भास होऊ लागतात, माणूस बरळतो. लोक म्हणतात, बाहेरचं झालं. बाहेरचं काही नसतं, दारू तुटल्याचा तो आजार असतो आणि उपचार न मिळाल्यास जीवघेणा ठरतो. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील तर दारू सोडायचीच, पण दवाखान्यात, गोळ्यांच्या आणि ब-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांच्या आधारानं.

सोडल्यावर काय?

फुकटचा धीर नको आणि फुकटची भीतीही नको. चरबी चढलेलं लिव्हर दारू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत सुधारू लागतं. सिरॉसिसचे व्रण सहसा पूर्ण जात नाहीत, पण दारू थांबली तर उरलेलं लिव्हर काम सांभाळतं आणि आयुष्य वाढतं. कित्येकांच्या तळहाताची लाली आणि मानेवरची जाळी हळूहळू फिकी पडते. 'आता काय उपयोग' असं म्हणायचा टप्पा सोडणाऱ्यासाठी नसतोच.

जेवणाबद्दल जुने गैरसमज पुष्कळ. लिव्हरवाल्याची डाळ, अंडी, दूध, हळद बंद करून त्याला उसाच्या रसावर ठेवतात. असं केल्यानं दंड-मांड्यांचं उरलंसुरलं मांस जातं. अशा माणसाला प्रथिनं जास्तच लागतात. थोडं थोडं पाच वेळा खावं, रात्री झोपताना काहीतरी खाऊन झोपावं. पोटात पाणी असेल तर मीठ तोडावं. पापड, लोणचं, खारे दाणे, मिठाचा ठेचा, सगळं बंद. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं बिघडतात.

पुढचं काही दिसलं तर मात्र बाजार, लग्न, पेरणी काहीही असो, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या. रक्ताची उलटी. डांबरासारखी काळी शी. दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हात पुढं धरायला सांगितल्यावर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडणं. फुगलेल्या पोटासह ताप. लघवी बंद होणं.

कुणाला विचारायचं?

दिल्लीच्या एम्स संस्थेनं केंद्र सरकारसाठी केलेली देशभराची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. म्हणजे हे काही एका तात्यांचं दुखणं नाही, आणि दवाखान्यात जाऊन "मी पितो" म्हणणारा माणूस एकटा पडत नाही.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत नंबर आहे. मन खचलं असेल, झोप उडाली असेल तर टेलिमानसचा १४४१६. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका कित्येक गावांत होतात. तिथं फी नाही आणि नाव-गाव सांगायची सक्ती नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका वेगळ्या असतात.

घरच्यांनी बोलायचं कसं? माणूस प्यायलेला असताना बोलू नये. सकाळी, शुद्धीत असताना, चारचौघांत नव्हे, एकट्याला गाठून. "बेवड्या" म्हणून सुरुवात केली की बोलणं तिथंच संपतं. "तुमच्या मानेवर हे उठलंय, डोळे पिवळट दिसतात, मला भीती वाटते, एकदा रक्त तपासून येऊ, मी येते बरोबर," एवढं पुरतं. दारूवर वाद घालता येतो. डोळ्यांच्या पिवळ्या रंगावर घालता येत नाही.

आमच्या सलूनवाल्या दादांनी आरशाच्या कोपऱ्यात आता एक कागद चिकटवलाय. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीची वेळ आणि रक्त तपासायचा वार. कुणाच्या मानेवर जाळी दिसली की ते मोठ्यानं काही बोलत नाहीत. दाढी पुसता पुसता कानात सांगतात आणि त्या कागदाकडं बोट दाखवतात. तात्या गेल्यापासून दोघं जाऊन आले. त्यातल्या एकाचे आकडे सुधारलेत, दुसऱ्याच्या गोळ्या चालू आहेत.

तिसरा अजून "सब्जा घेतोय" म्हणतो. दादांनी त्याचा नाद सोडलेला नाही. दर बुधवारी विचारतात.